रिकामी गाडी मोजू नये

तीर्थस्वरूप ताईस,

टिल्लूचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा सध्या पुरता वाकत नाही, त्यामुळे नमस्कार उभ्यानेच घातला आहे. पोचला असं समज. गुडघ्याचं कारण ओघात येईल.) इकडे सगळं ठीक. दुकान ठीक, जुनं मशीन कुरकुरतं पण कामाला नाही म्हणत नाही. ही काजं करता करता मला बोलते आणि बोलता बोलता काजं करते, एका टाक्याचं अंतर इकडचं तिकडे होत नाही. तुझी प्रकृती विचारणार होतो, पण तू दर वेळी 'मला काय धाड भरली आहे' एवढंच कळवतेस, तेव्हा यंदा भाऊजींची विचारतो. ते स्वतःची सांगताना तुझीही सांगून टाकतील. खिंडीपलीकडे थंडी पडायला लागली असेल. बाहेर जाताना अंगात काहीतरी घालत जा. (कोटाचा विषय इथे मुद्दाम काढत नाही. तोही ओघात येईल.)

पत्र लांबणार आहे, चहा करून बस. फोनच केला असता, पण आमचा फोन दुकानात, हिच्या काजाच्या टेबलाला चिकटून, आणि काही गोष्टी तिथून बोलण्यासारख्या नाहीत. शिवाय तू फोनवर 'बरं' आणि 'ठेवते' यांच्या मध्ये काही बोलतच नाहीस.

तुझ्या मागच्या पत्रातला टोमणा लागला. नऊ वर्षांत भाऊ फिरकला नाही. बस बंद होऊन झाली तीन वर्षं, मग त्याआधीची सहा वर्षं काय बसचा पाय मुरगळला होता, असं तू लिहिलंस. मी ते वाक्य तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तूच बरोबर निघालीस. तिथल्या तिथे कात्री खाली ठेवली आणि ठरवलं की यायचं, पुढच्या महिन्यात खिंड बंद व्हायच्या आत यायचं, आणि मोटरसायकलवर यायचं. दर गुरुवारी जीप जाते हे मला ठाऊक आहे. कृपा करून जीपचं नाव काढू नकोस. अडतीस वर्षं मी लोकांचे प्रवासाचे कोट शिवतो आहे. नकाशाला एक खिसा, चष्म्याला एक, पावसाळी टोपी गुंडाळून ठेवायला कॉलरच्या आत चोरकप्पा. लोक ते घालून डोंगर ओलांडतात आणि परत येऊन मला सांगतात की वाऱ्यात तिसरं बटण जरा ओढत होतं. माझी स्वतःची धाव जुन्या फटफटीवरून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत आणि परत. एकोणसाठाव्या वर्षी माणसाला आपल्या हातचा कोट आपल्याच अंगात घालून एकदा वाऱ्यात जावंसं वाटलं, तर त्यात कोणाचं काय बिघडलं? (पैशाची काळजी करू नकोस, ती मी करून ठेवली आहे.)

तर तुझ्याकडच्या शेवटच्या चाळीस किलोमीटरच्या दगडधोंड्यांना आपली फटफटी पुरणार नाही, हे उघड होतं. त्यासाठी वेगळी जात येते. तिला 'अ‍ॅडव्हेंचर टूरिंग' म्हणतात. चाकं मोठी, पोट जमिनीपासून वर, मागे सामान बांधायला जागा, पुढे वारा अडवायला काच, आणि अर्थातच सीट उंच. इथेच घोडं अडलं. माझी उंची तुला वेगळी सांगायला नको. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने माझ्या उंचीच्या खुणा करणारी तूच, आणि सलग तीन वर्षं एकाच खुणेवर रेघ ओढून चौकट झिजवणारीही तूच. ही माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. (लग्नाच्या फोटोत मी पायरीवर उभा आहे, हे फोटोग्राफर, ही आणि तू सोडून कोणालाच माहीत नाही. भाऊजींनाही सांगितलं नसशील असं धरून चालतो.)

आता माणूस दुसरा कोणी असता तर गाडी पाहायला गेल्यावर आधी रंग पाहता, किंमत विचारता. मी गळ्यात टेप घालून गेलो. सवयच आहे, टेप नसली की मान उघडी पडल्यासारखी वाटते. शोरूममध्ये तीन गाड्या ओळीने उभ्या. मी प्रत्येकीची सीट जमिनीपासून मोजली, माझ्या पायाची आतली लांबी मला तोंडपाठ, तीत जाड तळव्याच्या बुटाचं दीड बोट मिळवलं, आणि वहीत लिहीत गेलो. थोरली, एक बोट जास्त. मधली, तीन बोटं जास्त. धाकटी, बरोबर. मधलीवर तिथल्या तिथे फुली मारली. वहीत फुली मारली ते ठीक, पण हातात खडू होता आणि हाताला वळण लागलेलं, त्यामुळे दुसरी फुली तिच्या कोऱ्या काळ्या सीटवर पडली. विक्रेता धावत आला. मी त्याला समजावलं की शिंप्याचा खडू आहे, चुटकीसरशी जातो. गेला नाही. ताई, चामड्यावरून तो जात नाही, ही गोष्ट अडतीस वर्षांत मला कळली नव्हती, कारण मी चामडं कधी शिवलंच नाही.

आधी थोरलीवर बसलो, एका बोटाने काय होतं असं म्हणून. वजन पाव टन. सहा दिवे. समोर छोट्या टीव्हीएवढा पडदा, त्यावर हवेचं तापमान, चाकातली हवा, पुढचा पेट्रोल पंप किती लांब, सगळं. एकच गोष्ट त्यावर दिसत नाही, ती म्हणजे जमीन कुठे आहे. मोठ्या रस्त्यावर काय चालते म्हणून सांगू! खांद्यावर पेला ठेवला तर पाणी हलणार नाही. मी गाणं म्हटलं. (हेल्मेटच्या आत, त्यामुळे कोणाला त्रास नाही.) पण गाणं संपलं, रस्ता संपला, शोरूमचं अंगण आलं, आणि थांबायचं म्हणून मी डावा पाय खाली टाकला. जमीन होती, पण जरा उशिराने होती. तेवढ्या वेळात पाव टनाने आपलं मन बनवलं होतं. ती आदळली नाही बरं का. तिने मला अगदी सावकाश, मोठ्या माणसाने पोराला खाली ठेवावं तसं खाली ठेवलं आणि मग माझ्या गुडघ्यावर निजली. चौघांनी तिला उचललं, मला उचलायला एक पुरला. विक्रेत्याने हातातल्या कागदावर माझ्या नावापुढे खूण केली. मी डोकावून पाहिलं. त्या रकान्यात माझ्या आधी अकरा खुणा होत्या, तेव्हा मला जरा धीर आला.

चार दिवसांनी लंगडत धाकटीकडे गेलो. दोन्ही टाचा जमिनीवर, छाती पुढे, आरशात स्वतःकडे पाहून घेतलं. डांबरावर तर सोनं. मग शोरूमवाले जिथे नेतात त्या खडीच्या खाणीमागच्या कच्च्या रस्त्याला लागलो. ताई, बुटकं असण्याचा एक तोटा आहे जो मला बुटका असून ठाऊक नव्हता: दगड लवकर लागतात. प्रत्येक दगड तिच्या पोटाला, तिथून सीटला, तिथून माझ्या मणक्यातून वर येऊन कवळीला. अर्ध्या रस्त्यात कवळी काढली आणि कोटाच्या नकाशाच्या खिशात ठेवली. (खिसा बरोबर मापाचा निघाला, इतकी वर्षं मी तो नकाशासाठी शिवत होतो.) तिच्यावर बसून मी तुझ्याकडे पोचलो असतो यात शंका नाही, फक्त कंबर मागाहून येणाऱ्या जीपने आली असती. धाकटीही बाद.

वही मिटली. शोरूममध्ये शेवटचा रामराम करायला गेलो, तर तिथल्या मिस्त्रीबाईंनी अडवलं. या मिस्त्रीबाई म्हणजे पन्नाशीच्या, अंगाने भरभक्कम, हाताला कायम ग्रीस, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता इंजिनाकडे बघणाऱ्या. खडूची फुली पुसायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं होतं, त्यामुळे त्यांना माझ्याविषयी कुतूहल होतं. मधली का नको म्हणून विचारलं. मी वही दाखवली, तीन बोटं जास्त. त्यांनी वही वाचली, माझ्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, बसा. बसलो. पाय लोंबकळले. मग त्या स्वतः मागे बसल्या. आणि ताई, गाडी खाली गेली. हळूच, एखादी जाड गादी दबावी तशी. माझे दोन्ही चवडे जमिनीला टेकले. मी खाली बघतच राहिलो.

"काका, रिकामी गाडी मोजतात का कोणी?" त्या म्हणाल्या. "माणसं बसली की मोजायची."

अगं, हेच वाक्य मी अडतीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवतो आहे! हँगरवरचा कोट मोजून कोणी 'आखूड झाला' म्हणालं की मी त्याला ताठ उभा करून सांगतो, कपडा रिकामा मोजायचा नसतो, अंगात घालून मोजायचा. आणि मीच तीन आठवडे रिकाम्या सीटवर फुल्या मारत हिंडलो. दुसऱ्या कोणाच्या हातून असली चूक झाली असती तर मी दुकानात येईल त्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगितली असती.

मधलीचं वर्णन करायला लागलो तर पत्राला दोन तिकिटं जास्त लागतील. इंजिनाचा आवाज नुकत्याच तेल घातलेल्या मशीनचा. खाणीमागच्या त्याच रस्त्यावर मी पायांवर उभा राहून चालवली आणि कवळी जागच्या जागी राहिली. थोरलीचा डामडौल नाही, धाकटीचा त्रागा नाही. मिस्त्रीबाई मागे बसल्या होत्या तोवर थांबलो, निघालो, वळलो, सगळं झोकात. मग त्या उतरल्या, मी एकटा निघालो, आणि थांबायची वेळ आली. ताई, मी शोरूमसमोरच्या चौकाला नऊ फेऱ्या मारल्या. थांबायला काहीतरी टेकायला लागतं ना! अखेर एका टपालपेटीला मिठी मारून थांबलो. (हे पत्र त्याच पेटीत पडणार आहे.) सीटमधला स्पंज कापून घ्या असं विक्रेता म्हणाला, पण मी तो दाबून पाहिला, तो कापला तर पन्नास किलोमीटरमध्ये बसायचं नाव काढणार नाही. स्प्रिंगा सैल केल्या तर पोट दगडांना लागणार, म्हणजे पुन्हा धाकटीच.

तेव्हा वजन हवं. मी डोकं लढवलं. मागच्या सीटवर करड्या सुटिंगचे दोन ताके बांधले आणि वर जुन्या मशीनचं लोखंडी मुंडकं. वजन झकास जमलं, चवडे टेकले. पहिल्याच वळणावर कळलं की ताका माणसासारखा आपल्याबरोबर कलत नाही. दुसऱ्या वळणावर एका ताक्याचं टोक सुटलं. मला काही पत्ता नाही. मी आपला लोक हात हलवताहेत तर मीही हलवतोय. परत येऊन मागे पाहतो तर सव्वीस मीटर करडं सुटिंग रस्ताभर अंथरलेलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं अदबीने उभी, कोण येणार आहे ते पाहायला.

सारांश असा की मधलीला मागे जिवंत माणूस हवं. आणि माझ्या मागे बसेल असं जिवंत माणूस जगात एकच आहे.

हिला मी गाडीचं नाव काढून नेलं नाही, तेवढा मी शहाणा आहे. म्हटलं, सीटची शिलाई बघायला चल, मला टाके पटत नाहीत. आली. टाके पाहिले, बोट फिरवलं, टाके बरे पण दोरा स्वस्तातला असा निकाल दिला, आणि फुलीचा राहिलेला डाग पाहून माझ्याकडे पाहिलं. मिस्त्रीबाईंची आणि हिची अर्ध्या मिनिटात गट्टी जमली. (दोघी मिळून मला हसत होत्या, त्यात दोस्ती लवकर होते.) मग ही मागे बसली, मी टेकलो, निघालो. हिला धरायला काही सापडेना, तर माझ्या गळ्यात राहिलेली टेप तिने दोन्ही टोकांनी धरली. डावीकडे वळायचं तर डावं टोक ओढायची. पाच किलोमीटर मला वाटेल तिकडे नव्हे, हिला वाटेल तिकडे गेलो, आणि खरं सांगतो, रस्ता चुकलो नाही. खडीवर मात्र ही गप्प झाली. इतकी गप्प की मला वाटलं पडलीच. परत आल्यावर उतरली, पदर नीट केला आणि विचारलं, ही कुठवर जाते?

म्हटलं, बस जात नाही तिथवर.

लगेच समजली. बायकोच ती. म्हणाली, चेन लावलेल्या कोटाच्या घरी मी पाय ठेवणार नाही. आणि दोऱ्याच्या दुकानात निघून गेली.

तर ताई, आता कोट. तुझ्या पन्नाशीला आम्ही दोघांनी मिळून केलेला तो निळा. शिवला मी, पण त्याची अकरा काजं हिने हाताने केली, महिनाभर, रोजचं काम आटोपून. पुढच्या वर्षी आम्ही आलो तेव्हा तू तो दारात घालून उभी होतीस आणि अकराच्या अकरा काजं शिवून बंद, मधोमध चेन. तू म्हणालीस, सोपं पडतं. ही काही बोलली नाही. त्या दिवशी जेवली, हसली, पायऱ्या उतरली, आणि नऊ वर्षं तिने तुझ्या घराकडे तोंड केलेलं नाही. मला तुम्हा दोघींच्या मध्ये उभं राहून वीट आला आहे, हे स्पष्टच लिहितो. मला तू हवी आहेस, तीही हवी आहे, आणि एकाच खोलीत हव्या आहात. वय झालं गं आपलं.

बाकी इकडे विशेष नाही. ही हल्ली दर मंगळवारी काजाचा दोरा आणायला जाते आणि तीन तास लावते. दोरा चांगला मिळत नाही म्हणते. माझ्या गुडघ्याची सूज उतरतेय. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
टिल्लू

ता. क. भाऊजींच्या कंबरेचं आताचं माप कळव. ते स्वतः सांगतील ते नको, तू घे.

ता. क. २. खरं म्हणजे सगळं पत्र यासाठी लिहिलं. भाऊजींनी मागे फोनवर बोलता बोलता सांगून टाकलं की थंडीत तुझी बोटं वळत नाहीत, बटण काजातून जात नाही, ते घरी असले की तेच बटणं लावून देतात, आणि ते कामाला बाहेरगावी होते त्या हिवाळ्यात तू चेन लावून घेतलीस. कोणाला सांगू नका अशी शपथ घातली होतीस म्हणे. मी ती पाळली, हिला बोललो नाही. पण ताई, आता तूच सांग. मला नको, हिला दोन ओळी लिही. अक्षर वाकडं आलं तरी येऊ दे, उलट येऊच दे. तुझ्याशिवाय मला यायचं कारण नाही, आणि हिच्याशिवाय माझे पाय जमिनीला लागत नाहीत.

ता. क. ३. गुडघ्यामुळे पेटीपर्यंत जाववत नाही, म्हणून पत्र हिच्याच हाती देतो आहे. काळजी नको. दुसऱ्याचं पत्र वाचायची हिला सवय नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

ता. क. ४. वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. चिकटवायच्या आधी आत काय आहे ते पाहावं लागतं.

नऊ वर्षांत बोटांचं एका शब्दाने कळवलं नाहीत. मी काय परकी होते? तुमच्या बोटांना जमेल एवढं मोठं काज मला करता येत नव्हतं का? आता करते. लाकडाची चपटी बटणं आणली आहेत, कपबशीतल्या बशीएवढी नाहीत पण त्या वळणाची, मुठीत धरूनसुद्धा लागतील. चेन मी तिथे येऊन उसवीन, तुम्ही हात लावू नका, कापड फाटेल. यांनी आत दोन बोटं कापड सोडलेलं असतं, तेवढ्यात भागेल.

दुसरं असं, की दोरा इथे कोपऱ्यावरच मिळतो आणि चांगला मिळतो. मंगळवारी मी मिस्त्रीबाईंकडे जाते. त्या मला गाडी शिकवतात. तुमच्याकडून बोलावणं येईल असं वाटत नव्हतं, पण आलंच तर अडायला नको, म्हणून. मधलीवर माझे दोन्ही पाय टाचांसकट टेकतात, मागे कोणी असो नसो. यांना अजून सांगितलेलं नाही. खिंडीपर्यंत यांना चालवू देईन, कोट घालून वाऱ्यात जायची हौस आहे ती पुरी होऊ दे. दगडांना लागलो की मी पुढे.

आम्ही येत्या दहा तारखेला निघतो. हे म्हणतात तशा दोन ओळी लिहीत बसू नका, बोटं दुखतील. कोट तेवढा खुंटीवरून काढून ठेवा.